तिथे पाहण्यासारखे काय आहे?

मराठीत प्रवासवर्णनांची वाण कधीच नव्हती. १८५७ च्या धामधुमीतून जीव वाचवून परतलेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत ही परंपरा चांगली लांबरुंद आहे. परंतु ही सर्व वर्णने निघाल्यानंतरची, किंबहुना घरी परतून पाय धुतल्यानंतरची. निघण्यापूर्वीचे जे महिने असतात, नकाशे, तिकिटांचे दर, रजेचे हिशेब आणि घरातले वाद यांनी भरलेले, त्यांना वाङ्मयात फारशी जागा मिळालेली नाही. वास्तविक माणूस कुठे गेला यापेक्षा त्याने जाण्याचे कसे ठरवले, यातून तो अधिक कळतो. काय पाहायचे याबरोबरच काय पाहायचे नाही, हेही तो तेव्हाच ठरवत असतो. गेले सहा महिने आमच्या घरात कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर आठ दिवस जाण्याची आखणी चालू आहे. त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार येथे मांडते.

आमचे घर राजोडीला. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला बस पकडायची, वाड्या ओलांडत जायचे आणि रस्ता संपला की समुद्र. दक्षिणेला कळंब, उत्तरेला नवापूर आणि त्यापलीकडे अर्नाळा. किनाऱ्यावर सुरूचे बन आहे. दर पावसाळ्यात समुद्र त्यातली काही झाडे मुळासकट उपटून आडवी करतो आणि बन एकेक ओळ मागे सरकते. शनिवारी-रविवारी मुंबईहून गाड्या येतात. पूर्वी जिथे पानवेली, केळी आणि मोगरा होता, त्यातल्या कित्येक वाड्यांत आता भाड्याच्या खोल्या आहेत. लग्न होऊन मी इथे आले त्याला चार दशके होत आली. या काळात रस्त्यावरच्या पाहुण्यांनी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे : "इथे पाहण्यासारखे काय आहे?" आमच्या गावाचे त्यावरचे उत्तरही ठरलेले आहे : "काही नाही हो, समुद्र आहे."

तसे पाहिले तर आम्ही स्वतःच उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर राहतो. जमैका साधारण अठराव्या अक्षांशावर आहे, राजोडी एकोणिसाव्याच्या थोडी पुढे. नारळ, केळी, दमट वारा, वाळू हे सारे आमच्या दाराशी आहे. बेटच हवे असेल तर अर्नाळ्याहून होडीत बसावे. पलीकडे किल्ल्याचे बेट आहे आणि तिथे भरवस्तीही आहे. मग पृथ्वीला अर्धा वळसा घालून दुसऱ्या कोणाच्या तरी नारळाखाली बसण्याची आखणी राजोडीत का व्हावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. आमच्या शेजारच्या काकूंना पडलाच.

कल्पना लेकीची. ती टोरोंटोला असते. तिकडे शाळांना मार्चमध्ये आठवडाभर सुटी असते. तेवढ्या दिवसांत मुलाला घेऊन भारतात येणे परवडत नाही, वेळेच्याही दृष्टीने आणि पैशाच्याही. मात्र हिवाळ्याला कंटाळलेली तिथली माणसे त्या आठवड्यात दक्षिणेच्या बेटांवर उतरतात. चार-पाच तासांचा विमानप्रवास, की ऊन. "आई, तुम्ही दोघे तिकडून या, आम्ही इकडून येतो, मध्ये भेटू," असे ती म्हणाली. नकाशावर पाहिले तर हे 'मध्ये' मुळीच मध्ये नाही, पण आईवडिलांच्या भूगोलात बसून जाते. तिने पाठवलेला पहिला पर्याय डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुंता कानाचा होता. राहणे, जेवणखाण, पेये सगळे एकाच रकमेत आणि मनगटाला एक पट्टी. ती पट्टी पाहून मला हसू आले. आमच्याकडच्या रिसॉर्टांतही दिवसभराच्या सहलीला आलेल्यांच्या मनगटाला अशीच कागदी पट्टी बांधतात. सोमवारी सकाळी त्या पट्ट्या वाळूत सापडतात.

ह्यांचे बेट वेगळे होते. १९७१ साली हे अकरा वर्षांचे होते. अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता. तिथे खेळ संपत असे तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असे, त्यामुळे धावसंख्या वृत्तपत्रात शिळी होऊन येई आणि तरीही ताजी वाटे. दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला केलेल्या २१२ धावा, पोर्ट ऑफ स्पेनला सुनील गावसकरांनी पहिल्याच कसोटीत केलेल्या ६५ आणि नाबाद ६७, मग त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीतले १२४ आणि २२०, संपूर्ण मालिकेत ७७४. हे आकडे ह्यांना स्वतःच्या बँकखात्याच्या क्रमांकापेक्षा चांगले पाठ आहेत. तेव्हा बाकीचे कुठेही चला, पण क्वीन्स पार्क ओव्हलच्या फाटकाशी एकदा उभे राहायचे, एवढीच ह्यांची अट. लेकीने महाजालावर शोधून सांगितले की टोरोंटोहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान आहे. बेट बदलले. शहरात दोन दिवस आणि समुद्रासाठी सहा दिवस शेजारच्या टोबॅगो बेटावर, असे ठरले.

ह्या वादातून एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या पिढीने 'वेस्ट इंडीज' नावाचा देश मनात बाळगला, तो जगाच्या नकाशावर नाही. १९५८ ते १९६२ अशी जेमतेम चार वर्षे तिथे एक संघराज्य होते, तेही मोडले. उरला तो क्रिकेटचा संघ. ज्या जॉर्जटाउनला आम्ही बेट समजून बसलो होतो ते तर दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, गयानामध्ये आहे. मुळात 'इंडीज' हे नावच दिशाभुलीतून जन्मलेले. कोलंबस हिंदुस्थान शोधत होता. तिसऱ्या सफरीत त्याला त्रिनिदाद दिसले ते ३१ जुलै १४९८ रोजी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला होता आणि १५३४ मध्ये आमची वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांचा किनारा आणि आमचा किनारा जवळजवळ एकाच सुमारास युरोपच्या जमाखर्चाच्या वहीत चढले.

ती वही अजून मिटलेली नाही, हे व्हिसाच्या चौकशीत कळते. भारतीय पारपत्रधारकाला त्रिनिदाद-टोबॅगोत थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. दार उघडे आहे. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. वाट युरोपातून किंवा अमेरिकेतून जाते. अमेरिकेच्या विमानतळावर नुसते विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. ब्रिटनमध्येही भारतीयांना बहुधा थांब्याचा परवाना काढावा लागतो. एका जुन्या वसाहतीतून दुसऱ्या जुन्या वसाहतीत जायचे तर आजही धन्याच्या ओसरीवरून जावे लागते आणि ओसरीवर थांबण्याची कागदपत्रे घराच्या कागदपत्रांपेक्षा जास्त असतात. ह्यांनी सगळी टाचणे लावून एक फाइल केली आहे. तिच्यावर 'पोर्ट ऑफ स्पेन' असे लिहिलेले असले तरी आतले कागद वाटेतल्या देशांचेच आहेत.

भाषा शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला मैदानापेक्षा शब्दांची ओढ जास्त. 'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपण वर्गात सांगतो. पोर्तुगीजांकडे तो स्पॅनिशमधून आला आणि स्पॅनिशमध्ये आला तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून. मुळात तो रताळ्याचा शब्द. बोलणारे लोक स्पॅनिश सत्तेच्या पहिल्या काही दशकांतच बहुतांशी नाहीसे झाले. शब्द मात्र आमच्या वड्यात आणि भाजीत रोज जिवंत आहे. गंमत पुढेच आहे. १८४५ ते १९१७ या काळात १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय मजूर गिरमिटावर त्रिनिदादला नेले गेले. त्यांतले बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, भोजपुरी-अवधी मुलखातले. त्यांच्यामुळे तिथल्या रस्त्यावर बटाट्याची पुरी मागायची तर 'आलू पाय' मागतात. म्हणजे बेटांचा शब्द राजोडीच्या स्वयंपाकघरात आणि गंगाकाठचा शब्द बेटावरच्या ठेल्यावर. दोन्ही शब्दांनी समुद्र ओलांडला आणि दोघांपैकी कोणीही तो सुटीसाठी ओलांडला नव्हता.

दुसरा शब्द आमच्या आणखी जवळचा. मुंबई-साष्टीपासून वसईपर्यंतच्या स्थानिक ख्रिस्ती समाजातले अनेकजण स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतात. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्या नावाची संघटनाही मुंबईत स्थापन झाली. त्रिनिदादमध्येही गिरमिट्यांच्या वंशजांना 'ईस्ट इंडियन'च म्हणतात, तिथल्या 'वेस्ट इंडियन'पासून वेगळे ओळखावे म्हणून. दोन्ही समाजांनी हे परक्या भाषेतले नाव घेतले ते शेजाऱ्यांपासूनचा वेगळेपणा सांगण्यासाठी. आमच्या गल्लीत एखाद्या त्रिनिदादच्या गृहस्थाने आपली ओळख सांगितली तर पंचाईतच व्हायची.

जाण्यापूर्वी वाचावे, म्हणून पुस्तकेही काढली. व्ही. एस. नायपॉल त्रिनिदादमधल्या चगुआनासचे. त्यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'मधले स्वतःच्या घरासाठी झुरणे मराठी मध्यमवर्गाला परके वाटण्याचे कारण नाही. सेंट लुशियाचे डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या आपल्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातल्या रामलीलेने केली आहे. हरवलेल्या मायदेशाचे केविलवाणे अवशेष म्हणून आपण ज्याकडे पाहू जातो, ते करणाऱ्यांच्या दृष्टीने साधी श्रद्धा आणि उत्साह असतो, असे ते सांगतात. पर्यटनाच्या पत्रकांत बेटे कशी निळी, गुळगुळीत आणि निर्बुद्ध होतात, याची चीडही त्या व्याख्यानात आहे.

पण माझी झोप उडवली ती जमैका किंकेड यांच्या 'अ स्मॉल प्लेस' या छोट्या पुस्तकाने. १९८८ चे हे पुस्तक त्यांच्या अँटिग्वा बेटाविषयी आहे. ते थेट वाचकाला, म्हणजे विमानातून उतरणाऱ्या पर्यटकाला उद्देशून बोलते. तू ज्या पाण्यात डुंबतो आहेस त्यात काय सोडले जाते ते तुला माहीत नाही. ज्या उन्हाचे तुला कौतुक आहे तो इथल्यांचा दुष्काळ आहे. आणि ज्यांच्या अंगणात तू उभा आहेस त्यांना तू आवडत नाहीस. पर्यटक हा कुठला तरी स्थानिकच असतो आणि प्रत्येक स्थानिकाला कुठेतरी पर्यटक व्हायची इच्छा असते, फरक इतकाच की जगातल्या बहुतेक स्थानिकांपाशी जाण्याचे पैसे नसतात, असा तिचा युक्तिवाद आहे.

हे पुस्तक मी पूर्वी शिकवणाऱ्याच्या नजरेने चाळले होते. आता पुन्हा वाचताना मी त्यात दोन्ही बाजूंना होते. किंकेडबाई यजमानाविषयी जे सांगतात ते राजोडीच्या कोणालाही पटेल. पाहुण्यांना शहाळे स्वस्त वाटते आणि विहिरीचे पाणी फुकट. त्यांच्या सहलीचा दिवस हा आमच्या कामाचा दिवस असतो. ते ज्याला शांतता म्हणतात ती आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार असते, आणि ते नसतात म्हणूनच असते. पावसाळ्याच्या तोंडाला वाळूवर डांबराचे काळे गोळे येतात, पायाला चिकटले की रॉकेलने काढावे लागतात. ते कोणत्याही जाहिरातीत नाहीत. कॅरिबियन किनाऱ्यांवर २०११ पासून सरगॅसम नावाच्या तपकिरी शैवालाचे ढीग येऊन पडतात, कुजतात, घाण वास सुटतो. पहाटे माणसे लावून ते उचलले जातात. तेही जाहिरातीत नाही. लेकीने पाठवलेली छायाचित्रे मी डांबरगोळे ओळखणाऱ्या डोळ्यांनी पाहू लागले. त्या स्वच्छ वाळूत मला आधी दिसली ती पहाटे पाचला उठून ती स्वच्छ करणारी माणसे.

हे सगळे मी लेकीला दूरध्वनीवर ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आई, मी राजोडीच्या समुद्रात कधी उतरले होते, आठवतंय तुला?"

आठवण्यासारखे काही नव्हते. ती कधीच उतरली नव्हती. समुद्राच्या आवाजात वाढलेली, दहावीचा अभ्यास सुरूच्या बनात बसून केलेली ही मुलगी पोहायला शिकली ती टोरोंटोच्या बंदिस्त, तापवलेल्या तलावात, तिशी उलटल्यावर. आमच्याकडे समुद्र पाहायचा असतो, त्यावर पोट भरायचे असते, गणपती त्यात सोडायचे असतात. घरंदाज बाई त्यात खेळायला उतरत नाही. भीती असते ती आहेच. दर पावसाळ्यात कोणीतरी बुडते. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट ही की किनाऱ्यावर सगळे ओळखीचे असतात. कोणाची सून, कोणाची मुलगी, कॉलेजातल्या बाई. ओल्या कपड्यांनी त्या वाटेवरून घरी यायचे म्हणजे गावाच्या तोंडून जायचे. मुंबईहून आलेल्या बाया आमच्यासमोर लाटांत किंचाळतात, हसतात, भिजतात, आणि आम्ही बांधावरून पाहतो. त्यांना नावे ठेवतो. त्या नावे ठेवण्यात हेव्याचा अंश किती, याचा हिशेब आम्ही करत नाही.

"मला असा समुद्र हवा आहे जिथे मला कोणी ओळखत नाही," लेक म्हणाली. "आणि तुलाही."

किंकेडबाईंच्या युक्तिवादात ही जागा रिकामी आहे, असे मला वाटते. पर्यटक कंटाळ्यापासून पळतो, असे त्या म्हणतात. लहान गावातली बाई पळते ती ओळखीपासून. चाळीस वर्षे समुद्रापासून पाच मिनिटांवर राहून माझे पाय घोट्यांच्या वर कधी भिजलेले नाहीत. ही तक्रार नाही. माझ्या वयाच्या गावातल्या बहुतेक बायकांची हीच कथा आहे. परंतु साठी ओलांडल्यावर एकदा छातीभर पाण्यात उभे राहावेसे वाटणे, आणि त्यासाठी परका किनारा लागणे, यात पर्यटनाचे जे कारण आहे ते विलासाच्या खात्यात टाकता येत नाही. तरीही अडचण सुटत नाहीच. माझ्यासाठी जो परका किनारा, तो तिथल्या कोणा बाईची राजोडी असणार. मी ज्या बिनओळखीच्या पाण्यात मोकळी होईन, त्याच्या बांधावर उभी राहून ती मला पाहणार, आणि तिने नावे ठेवली तर तिला दोष देण्याचा अधिकार मला उरणार नाही. टीका खरी आहे आणि इच्छाही खरी आहे. आखणी करताना दोन्ही वागवायच्या, एवढेच हातात आहे.

म्हणून आम्ही मनगटाच्या पट्टीचा पर्याय सोडला. टोबॅगोच्या उत्तर किनाऱ्यावर कॅस्टारा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे किनाऱ्यावरून जाळे ओढतात, गावकरी आणि पाहुणे मिळून. सिंधुदुर्गात जिला रापण म्हणतात तिची ही बहीण. बेटाच्या कण्यावरचे जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेले आहे. राखण्यामागचे कारण असे की झाडे असली तर पाऊस पडतो. हे वाचून मला वाडीतल्या खारावणाऱ्या विहिरी आठवल्या आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या शहाणपणाचा हेवा वाटला. पुढे हेही ध्यानात आले की तो पाऊस हवा होता उसाच्या मळ्यांना, आणि मळ्यांत राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. आज तिथे पक्षी पाहायला जातात. आम्हीही जाऊ. जाताना दोन्ही गोष्टी नातवाला सांगायच्या, असे ठरले आहे. तो सात वर्षांचा आहे. पाऊस त्याला कळेल, गुलामगिरी हळूहळू कळेल.

पोहण्याचा पोशाख विरारच्या बाजारातून आणला. दुकानातल्या मुलीने "नातीसाठी का?" असे विचारले. मी "हो" म्हणाले नाही, "नाही"ही म्हणाले नाही. माप मात्र माझे सांगितले. घरी तो कपाटात साड्यांखाली आहे. ह्यांनी फाइलमध्ये मैदानाचा नकाशा लावला आहे.

कॅस्टाराला आम्ही ज्या घरगुती निवासात खोल्या विचारल्या, ते एक बाई चालवतात. दर, तारखा, जेवण यांचा पत्रव्यवहार लेकीने केला. शेवटी मी त्यांना स्वतः एक पत्र पाठवले. तिथे पाहण्यासारखे काय आहे हे विचारायचे नाही, एवढे पक्के होते. मी विचारले : तुमच्या गावातल्या बायका समुद्रात कधी उतरतात?

दोन दिवसांनी उत्तर आले. सकाळी सहाच्या आत, कामाला लागण्यापूर्वी. म्हाताऱ्या बायका जास्त, गुडघ्यांना बरे वाटते म्हणून. मी यायचे असेल तर दार वाजवतील. खाली एक ओळ होती : तुमचेही गाव समुद्रावर आहे असे मुलीने कळवले, तुमच्याकडे कधी उतरतात?

त्याचे उत्तर अजून लिहायचे आहे. तिकिटेही काढायची आहेत.